जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब कोण ठेवणार?

भूस्तर (धागाकर्ता)

दर उन्हाळ्यात धरणांतल्या साठ्याची टक्केवारी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते आणि आपली पाण्याची सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरू लागते. धरणांचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु देशातील सिंचनापैकी सुमारे ६० टक्के आणि ग्रामीण भागातील पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के गरज ज्या पाण्यावर भागते, ते कोणत्याही धरणात नाही. ते आपल्या पायाखाली आहे आणि त्याचा साठा किती उरला, हे कोणी छापत नाही. भूजलाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे १८ टक्के लोक भारतात राहतात आणि जगातील गोड्या पाण्यापैकी जेमतेम ४ टक्के पाणी आपल्या वाट्याला येते. १९५१ साली दरडोई वार्षिक उपलब्धता ५,१७७ घनमीटर होती, ती २०११ मध्ये १,५४५ घनमीटरवर आली. १,७०० च्या खाली गेलेला देश पाण्याच्या ताणाखाली आहे असे मानतात. हे आकडे बहुतेकांच्या परिचयाचे असतील. मात्र या सरासरीत ब्रह्मपुत्रेचा पूर आणि माणदेशातली कोरडी विहीर एकाच बेरजेत धरलेली असते, म्हणून त्यावरून एखाद्या गावाविषयी काहीही कळत नाही.

भूजलाचे चित्र अधिक बोलके आहे. आपण वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर पाणी जमिनीतून उपसतो. चीन आणि अमेरिका मिळून उपसतात त्याहून हे अधिक आहे. त्यापैकी सुमारे ८७ टक्के शेतीला जाते. वार्षिक उपलब्धतेच्या तुलनेत हा उपसा देशपातळीवर ६० टक्क्यांच्या आसपास आहे असे केंद्रीय भूजल मंडळाचे अहवाल सांगतात, आणि ते वाचून अनेकांना हायसे वाटते. पण त्याच अहवालांत पंजाब, हरियाणा आणि राजस्थान यांचा उपसा १०० टक्क्यांच्या बराच पुढे गेलेला दिसतो.

महाराष्ट्राची अडचण निराळी आहे. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टने व्यापलेला आहे. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर जाडीची वाळू आणि गाळ आहे, त्यामुळे तिथला साठा प्रचंड असतो. आपल्याकडे वरची माती, तिच्याखालचा मुरूम, त्याखाली भेगाळलेला किंवा ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र खडक आणि मग काळा पाषाण, असे थर एकावर एक बसलेले असतात. पाणी राहते ते मुख्यतः वरच्या वीस-पंचवीस मीटरांत. हा साठा पावसाळ्यात लवकर भरतो आणि हिवाळा सरताना लवकर रिकामाही होतो. खोल बोअर घेतल्यावर जे पाणी लागते तो नवा साठा असतो अशी समजूत आहे, परंतु पुष्कळदा ते शेजारच्या विहिरीतलेच पाणी भेगांतून खाली उतरलेले असते.

आता एक साधे गणित मांडतो. समजा, एका गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे आणि तिथे वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. त्या हिशेबाने शिवारावर ४०० कोटी लिटर पाणी पडले. बेसाल्टमध्ये त्यापैकी सुमारे दहावा हिस्सा खाली मुरतो असे धरले, तर भूजलात ४० कोटी लिटरची भर पडली. गावात २,००० माणसे असतील आणि प्रत्येकाला रोज ५५ लिटर द्यायचे असतील, तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर लागतील. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षभरात साधारण २ कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे संपूर्ण गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याइतके पाणी दोन हेक्टर ऊस पितो आणि वीस हेक्टर उसात गावाचे त्या वर्षाचे सगळे भूजल संपते. उरलेल्या ९८० हेक्टरांवर कोणी काय पेरायचे, याचे उत्तर त्या वीस हेक्टरांच्या मालकांनी न बोलता देऊन टाकलेले असते.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की पाणी अडवण्याच्या कामांआधी, निदान त्यांच्या बरोबरीने, पाणी वापरण्याचा नियम आला नाही तर ती कामे टंचाई दूर करत नाहीत. सलग समतल चर, नाला बांध, खोलीकरण यांनी विहिरींना पाणी वाढते, हे मी स्वतः मोजलेले आहे. मात्र पाणी वाढले की दोन-तीन वर्षांत नवे बोअर होतात, बागायत वाढते, आणि पुढच्या तुटीच्या वर्षी गाव पुन्हा टँकरच्या यादीत जाते. शेततळ्यांचे तेच झाले. ओढ्याचे वाहून जाणारे पाणी साठवण्यासाठी असलेल्या तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर लागले आणि हिवाळ्यात विहिरी-बोअरचे पाणी उपसून त्यांत भरले जाऊ लागले. जमिनीखाली असताना ते पाणी सगळ्यांचे होते, तळ्यात आल्यावर ते एकाचे झाले आणि त्यातले बरेचसे उन्हाने उडून गेले.

ज्यांनी नियम आधी केला त्यांची उदाहरणे आपल्या घरातलीच आहेत. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर ठरत नसे, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरे: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही वाटा होता, जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जात नसे आणि उसाला मनाई होती. हिवरे बाजारने नव्वदच्या दशकापासून शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस आणि केळी टाळली आणि पावसाच्या मापावरून त्या वर्षीची पिके ठरवण्याची पद्धत रुजवली. या दोन्ही ठिकाणी बांधबंदिस्ती झाली, पण मला त्याहून मोठे काम वाटते ते ग्रामसभेत बसून केलेल्या वाटणीचे.

कोरडवाहू

आपला लेख दोनदा वाचला. गणित पटले, तरीही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची विहीर पंचेचाळीस फुटांची, आजोबांच्या काळात हाताने खणलेली. २०१५ च्या दुष्काळात ती पहिल्यांदा दिवाळीलाच आटली. वरच्या बांधाला शेजाऱ्यांनी दोन बोअर घेतले होते. त्यांनी काही चुकीचे केले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या डाळिंबाची झाडे वाळत होती. आम्हीही कर्ज काढले. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली, रात्री बोअरची गाडी लागली आणि पहाटेपर्यंत पाइपातून नुसता पांढरा फुफाटा उडत राहिला. वडील तोंडाला उपरणे बांधून तिथेच उभे होते. दर वीस फुटांना चालक हाक मारून विचारायचा, "काका, अजून जायचं का?" आणि वडील मानेनेच हो म्हणायचे. तिसरा बोअर सहाशे फुटांवर गेला तेव्हा दीड इंच पाणी लागले. ते दोन उन्हाळे पुरले. कर्ज मात्र सात वर्षे फेडत होतो.

हे सांगण्याचा हेतू असा की अमर्याद उपसा हा शब्द वाचताना हाव डोळ्यांपुढे येते, पण आमच्यासारख्यांच्या बाबतीत त्यामागे भीती असते. मी घेतले नाही तर दुसरा घेणारच आहे, हे माहीत असताना एकट्याने थांबण्यात काहीच अर्थ उरत नाही.

दुसरे म्हणजे, उसाला नाव ठेवताना एवढे लक्षात घ्यावे की ऊस हेच एक पीक असे आहे ज्याचा दर कायद्याने बांधलेला आहे आणि जे कारखाना शेतातून उचलून नेतो. तूर, हरभरा, ज्वारी यांचे हमीभाव जाहीर होतात, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही आणि उघडले तरी माल घेण्याला मर्यादा असते. ग्रामसभेने ऊस बंद करायचा ठराव केला आणि त्याच वर्षी हरभऱ्याचा भाव पडला, तर त्या ठरावाला पुढच्या वर्षी कोण हात वर करील?

विधिज्ञा

कोरडवाहू यांनी सांगितलेल्या भीतीचे मूळ कायद्यात आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार, निश्चित प्रवाहात न वाहणारे जे पाणी जमिनीखाली असते, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा अधिकार जमीनमालकाला आहे. जमिनीखाली पाणी कसे फिरते याचे ज्ञान फारसे नसतानाच्या काळातली ही तरतूद आहे आणि आजही वादाच्या मुळाशी तीच असते. तिचा सरळ अर्थ असा होतो की ज्याच्याकडे जमीन नाही त्याला भूजलावर हक्कच नाही, आणि ज्याचा पंप मोठा त्याचा हक्क मोठा.

त्यानंतर बदल झाले नाहीत असे नाही. केंद्राने १९७० पासून राज्यांसाठी आदर्श विधेयके पाठवली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर १९९७ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. परंतु सर्वांत मोठा उपसा करणाऱ्या शेतीला त्याच्या परवानगीतून सूट आहे. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून (स्रोतापासून) ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. पुढचा, २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून अमलात आला आणि त्यात शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटर वा त्याहून खोल विहीर खणण्यास मनाई आहे. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. वर सांगितलेली गाडी सहाशे फुटांपर्यंत गेली आणि तिला कोणी अडवले नाही. त्या कुटुंबाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तालुक्यात असा कायदा आहे हेच त्यांना कोणी सांगितले नसणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

कागदावरच्या मनाईपेक्षा सुरुवातीला नोंदणी महत्त्वाची आहे असे मला वाटते. सहाव्या लघुसिंचन गणनेत देशात २ कोटी १९ लाख भूजल सिंचन योजना मोजल्या गेल्या. इतक्या विहिरी आणि बोअर निरीक्षक पाठवून नियंत्रित करता येतील अशी कल्पनाही करवत नाही. गावाने स्वतः नोंदवही ठेवली तरच काही शक्य आहे.

पाटकरी

मी पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालो आहे, म्हणून कालव्याच्या बाजूने थोडे लिहितो.

धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर जी जुनी फड पद्धत होती, तिच्यात लाभक्षेत्राचे (भिजणाऱ्या जमिनीचे) फड, म्हणजे मोठे भाग पाडून प्रत्येक फडात कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाणी वाटण्याचे काम नेमलेल्या पाटकऱ्याकडे द्यायचे अशी रीत होती. माझे इथले नाव त्यावरूनच घेतले आहे. त्या पद्धतीत ऊस होता, पण तो ठरलेल्या फडातच.

अलीकडचे उदाहरण दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचे आहे. तिथे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी संपूर्ण प्रकल्पाचे वाटप हाती घेतले. संस्थेला पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून मिळते. त्यात कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे. मोजून मिळू लागल्यावर शेपटाच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचे भांडण कमी होते, कारण आवर्तनात (पाणी सोडण्याच्या पाळीत) आपला वाटा किती आणि तो कधी येणार हे त्याला आधी ठाऊक असते. कोरडवाहू यांचा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. पिकावर बंदी घालण्यापेक्षा माणशी पाणी ठरवून दिले, तर ज्याला ऊस हवा तो तेवढ्या पाण्यात अर्धा एकर करील किंवा भाजीपाला करील. ग्रामसभेला कोणाच्या शेतात डोकावावे लागणार नाही.

भूजलात मात्र दरवाजा नसतो. कालव्याचे पाणी मी दरवाजा बंद करून थांबवू शकत होतो. विहिरीच्या पाण्याला एकच दरवाजा आहे आणि तो म्हणजे वीज. गुजरातने २००३ नंतर ज्योतिग्राम योजनेत शेतीची वीजवाहिनी गावठाणापासून वेगळी केली आणि पंपांना ठरावीक तास खात्रीची वीज दिली. उपशावर हात ठेवता येईल अशी ती मोजकी जागा आहे.

मनीषा_त

चर्चा शेतीपुरती राहू नये, म्हणून शहराची बाजू मांडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालाप्रमाणे देशातील शहरांत रोज सुमारे ७२,००० दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि त्यापैकी सुमारे २०,००० दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्षात प्रक्रिया होते. उरलेले नदीत, नाल्यात आणि शेवटी खालच्या गावांच्या विहिरींत जाते. शहराला पाणी देताना गावाचे आवर्तन कमी होते आणि परत करताना आपण ते घाण करून देतो, हा दुहेरी अन्याय आहे.

नागपूरमध्ये शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते. तेवढे गोडे पाणी धरणात शिल्लक राहते. हा मार्ग इतर मोठ्या शहरांनी घ्यायला एवढा वेळ का लागावा, हे मला खरोखर कळत नाही.

आमच्या गृहसंकुलात पाच इमारतींना मिळून दोन बोअर आहेत. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही आटले आणि रोज आठ टँकर येऊ लागले. एका सभेत मी विचारले की हे टँकर कुठून भरले जातात, तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. नंतर चालकालाच विचारले. शहराबाहेरच्या एका शेतातली विहीर होती. शेतकऱ्याने त्या वर्षी कांदा लावलाच नव्हता, कारण पाणी विकणे अधिक परवडत होते.

लुधियानाकर

नोकरीनिमित्त पंजाबात बारा वर्षे आहे, म्हणून एवढेच नोंदवतो. इथे २००९ मध्ये कायदा करून ठरावीक तारखेपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली गेली, जेणेकरून कडक उन्हाळ्यातला उपसा टळावा. हेतू योग्य होता. परंतु लावणी पुढे गेल्याने कापणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीआधी हाती उरणारे दिवस कमी झाले आणि पेंढा जाळण्याचा काळ ऑक्टोबरच्या अखेरीस, हवा जड होण्याच्या दिवसांत, सरकला. पंपांची वीज फुकटच राहिली आणि भाताची सरकारी खरेदीही तशीच राहिली. एकच खिळा ठोकायचा आणि बाकी चौकट तशीच ठेवायची, असे केले की काय होते ते इथे दर हिवाळ्यात श्वासाला जाणवते.

भूस्तर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः कोरडवाहू, आपण जे लिहिले ते वाचून माझ्या लेखातले "मालकांनी न बोलता" हे वाक्य मला खटकू लागले आहे. ते मालकही बहुधा आपल्या वडिलांसारखेच रात्रभर गाडीजवळ उभे राहिलेले असतील.

हमीभावाबाबत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि लुधियानाकर यांच्या अनुभवाने ते अधिक पक्के होते. सरकार जे पीक खात्रीने उचलते ते पीक पाणी ठरवते. रेशन दुकानात आणि शाळेच्या पोषण आहारात ज्वारी, बाजरी, डाळी खरेदी करून दिल्या तर भूजल वाचवण्याचे ते एखाद्या बंधाऱ्याहून मोठे काम ठरेल.

ठिबकविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून तेही सांगतो. ठिबकने एकरी पाणी निश्चित कमी लागते. मात्र वाचलेल्या पाण्यावर शेजारचा आणखी एकर भिजवला, तर गावाच्या ताळेबंदात काहीच शिल्लक पडत नाही. त्यामुळे ठिबकला मोजमापाची जोड हवीच.

आंध्र प्रदेशात २००० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांनी चालवलेल्या भूजल व्यवस्थेचा जो प्रयोग झाला, त्यात गावकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि विहिरींची पातळी मोजली आणि रब्बीपूर्वी एकत्र बसून उपलब्ध पाण्याचा हिशेब भिंतीवर मांडला. कोणावरही बंदी घातलेली नव्हती. आपला साठा किती आहे हे दिसल्यावर अनेकांनी आपणहून भात कमी केला. २०२० पासून सात राज्यांत राबवलेल्या अटल भूजल योजनेतही गावपातळीवरील पाण्याचा ताळेबंद हाच गाभा आहे. एकट्याने थांबण्यात अर्थ नाही, हे आपले वाक्य अगदी खरे आहे. सगळ्यांची पातळी एकाच भिंतीवर लिहिलेली असली, तर थांबणारा एकटा राहत नाही.

कोरडवाहू

आमच्या वस्तीवर अकरा विहिरी आहेत. त्यांतल्या सहा मालकांशी माझे बोलणे होऊ शकते. मोजणी करायची तर नेमकी कशी करायची, ते सांगावे.

भूस्तर (धागाकर्ता)

सहा विहिरी सुरुवातीला पुष्कळ आहेत. जाड दोरीला वजन बांधा आणि दर अर्ध्या मीटरवर रंगाची खूण करा. मोजणी पहाटे, पंप सुरू होण्याआधी करा, म्हणजे रात्रभर विश्रांती घेतलेली पातळी मिळते. कोणाचा पंप रात्री चालला असेल तर त्या दिवशीची नोंद घेऊ नका. कठड्याच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्या आणि त्यातून कठड्याची उंची वजा करा. विहीर कोरडी असेल तर "कोरडी" असे लिहा, रकाना मोकळा सोडू नका. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला मोजा. मेअखेरची आणि ऑक्टोबरची नोंद मात्र कोणत्याही कारणाने चुकवू नका, कारण त्या दोहोंतल्या फरकावरून पावसाने साठ्यात किती भर घातली ते कळते. बेसाल्टमध्ये पाणी मावण्याजोगी जागा सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास असते. शंभर हेक्टरांवर पातळी एक मीटरने खाली गेली, तर सुमारे २ कोटी लिटर पाणी निघून गेले असे समजा.

उरलेल्या पाच मालकांना आत्ता काही सांगू नका. पहिल्या ऑक्टोबरनंतर सहा विहिरींचा तक्ता पाराजवळच्या भिंतीवर लिहा आणि खाली पाच रिकाम्या ओळी त्यांच्या विहिरींच्या नावाने आखून ठेवा.